नाव ठेवणारे आम्ही कोण?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक तरुणी आमच्या दफ्तरात आली. लग्न दोन महिन्यांवर आलेले. वराच्या धर्मग्रामात सादर करण्यासाठी तिला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. तिने आपले नाव सांगितले, ओवी. जन्मवर्ष १९९९. आम्ही त्या वर्षाची नोंदवही काढली, सूची वरपासून खालपर्यंत चाळली. ओवी नावाची नोंद मिळेना. शेवटी वडिलांच्या नावावरून शोधले तेव्हा पान सापडले. आईवडिलांची नावे तीच, जन्मतारीख तीच, धर्मपिता व धर्ममाता तीच. बालिकेच्या नावाच्या रकान्यात मात्र 'मारिया' एवढेच लिहिलेले, आणि खाली सही आमची.

"हे माझंच पान आहे ना, फादर?" तिने विचारले.

तेव्हा सारे आठवले. नुकतीच गुरुदीक्षा झालेली, आणि सहायक धर्मगुरू म्हणून आमची पहिली नेमणूक याच गावी झाली होती. केळीच्या वाडीत राबणारा एक तरुण बाप पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन दफ्तरात उभा होता. नाव काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ओवी. हे काय नाव झाले, असे आम्ही म्हणालो. एखाद्या संताचे नाव सांगा, ख्रिस्ती नाव सांगा. तो काही बोलला नाही. मागे उभी असलेली त्याची आई हलकेच म्हणाली, "फादर म्हणतात तसं लिहू दे." आम्ही लिहिले. आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत एका मात्रेचेच अंतर आहे. त्या दिवशी आम्ही दोन्ही एका दमात केले.

सेमिनरीत आम्हांला चुकीचे शिकवले गेले होते असे नाही. आम्हीच अर्धे ऐकले होते. १९१७ च्या कॅनन कायद्यातील ७६१ वे कलम असे सांगत होते की, बाप्तिस्मा घेणाऱ्यास ख्रिस्ती नाव मिळेल याची धर्मगुरूने काळजी घ्यावी. ते न साधल्यास आईवडिलांनी ठेवलेल्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि नोंदवहीत दोन्ही नावे लिहावीत. १९८३ च्या संहितेने ही अट सैल केली. ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये, इतकेच ८५५ व्या कलमात आज अपेक्षित आहे. म्हणजे १९९९ साली आम्ही जे केले ते नव्या कायद्यात बसत नव्हते आणि जुन्याही कायद्यात बसत नव्हते. शिवाय ओवी हा शब्द ख्रिस्ती भावनेला परका कसा? फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, ते ओवीबद्धच आहे. ज्या छंदात तारणाऱ्याची कथा मराठीत प्रथम इतक्या विस्ताराने सांगितली गेली, त्या छंदाचे नाव एका तान्ह्या मुलीला चालणार नाही, असा निवाडा आम्ही दोन मिनिटांत देऊन मोकळे झालो होतो.

तेव्हापासून आम्ही नावांच्या मागे लागलो. ज्यांना आपण बिनदिक्कत 'ख्रिस्ती नावे' म्हणतो ती नावे युरोपातून आपल्याकडे आली. ती तिथे कुठून आली? रात्री जेवणानंतर कोश उघडून बसण्याचा नाद लागला, आणि जसजसे वाचत गेलो तसतशी आमची ती जुनी सही आम्हांला अधिकाधिक बोचू लागली.

आरंभ संत पौलापासूनच करावा. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात तो एकामागून एक भाविकांना नावानिशी सलाम पाठवतो. हा अध्याय मिस्सात फारसा वाचला जात नाही. नुसती नावांची यादी म्हणून आपण तो ओलांडून जातो. त्या यादीत फीबी आहे. ते ग्रीकांच्या चंद्रदेवतेचे एक विशेषण. हर्मेस आहे; तो तर सरळ देवच, व्यापाराचा आणि वाटसरूंचा. अन्यत्र पौलाचा सहकारी अपुल्लो भेटतो, ज्याच्या नावात सूर्याशी जोडला गेलेला अपोलो देव आहे. फिलिप्पैकरांच्या पत्रातला एपफ्रदीत हा तर आफ्रोदिती या प्रेमदेवतेच्या नावाचा. पौलाने यांपैकी कोणाचेही नाव बदलले नाही. मूर्तींना वाहिलेल्या मांसापासून सुंतेपर्यंत अनेक वादांवर त्याने पत्रांतून लिहिले, पण अमुक नाव टाका असे त्याने कोणाला सांगितल्याचे आढळत नाही.

पुढची कित्येक शतके हेच चालले. तूरचा संत मार्टिन ३९७ साली वारला. त्याचे नाव मार्स या रोमन युद्धदेवावरून आलेले. आपल्याकडे डेनिस नावाचे अनेकजण आहेत. ते दिओनिसस या मद्यदेवाचे. सेव्हिलचा संत इसिदोर याने सातव्या शतकात शब्दांच्या व्युत्पत्तींचा प्रचंड कोश रचला, आणि त्याच्या स्वतःच्या नावाची व्युत्पत्ती 'इसिस देवीचे दान' अशी आहे! ही देवी मिसर देशाची. एवढ्या मोठ्या व्युत्पत्तिकाराला हे ठाऊक नसेल असे म्हणवत नाही. नाव बदलण्याची गरज एका परमगुरूंना वाटली ती ५३३ साली. त्यांचे मूळ नाव मर्क्युरियस, म्हणजे रोमनांचा हर्मेसच. संत पेत्राच्या आसनावर मूर्तिपूजकांच्या देवाचे नाव नको, म्हणून त्यांनी योहान हे नाव घेतले. परमगुरूंनी नाव बदलल्याचे हे पहिले उदाहरण मानतात. तोवर ख्रिस्तसभेने पाच शतके काढली होती आणि तिचे काही अडले नव्हते.

आता वसईकडे येऊ, कारण हा विषय आपल्या घराच्या पाटीवरच लिहिलेला आहे. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आपल्या पूर्वजांना जी आडनावे मिळाली, ती बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याकडून वा धर्मगुरूकडून मिळाली असे घरोघर सांगितले जाते. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा. शेवटचा 'एस' हा आपल्या 'चा'सारखा. पण हा रोद्रिगो कोण? हे नाव लॅटिन नाही आणि बायबलमधलेही नाही. रोमन साम्राज्य ढासळल्यावर स्पेन-पोर्तुगालात उतरलेल्या व्हिसिगॉथ या जर्मन टोळ्यांचे ते नाव. कीर्ती आणि सत्ता या दोन शब्दांची जोडणी. ७११ साली अरबांशी लढताना ज्याचे राज्य गेले तो त्यांचा अखेरचा राजा रोद्रिगोच होता. गोन्सालो या नावाच्या पोटात 'युद्ध' हा शब्द आहे. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर बलिदान करणाऱ्या आपल्या संत गोन्सालो गार्सियांच्या नावात युद्ध दडलेले असावे, हे कोशाखेरीज कोणाला सुचले असते?

लोपीस हा लोपोचा, म्हणजे लांडग्याचा. मच्याडो म्हणजे कुऱ्हाड. कोरिया म्हणजे चामड्याचा पट्टा, परेरा म्हणजे नासपतीचे झाड, तुस्कानो म्हणजे इटलीतल्या तोस्काना प्रांताचा. आल्मेडा हे पोर्तुगालातील एका गावाचे नाव असून ते अरबी भाषेतून आल्याचे मानतात. डिसोजातला सोझा ही उत्तर पोर्तुगालातील एक नदी. फुर्ट्याडो या शब्दाचा अर्थ तर 'चोरलेला' असा आहे. कोणे एके काळी कोणा पोराला कोणत्या तरी चावडीवर चिकटलेला हा शब्द. आज ते आडनाव उच्चारताना कोणाच्याही मनात चोरी येत नाही. डिक्रूझ, रोझारिओ अशी भक्तीतून आलेली आडनावे आहेत, पण ती थोडी. बाकीची झाडे, नद्या, हत्यारे, लांडगे आणि लढवय्ये.

यावर कोणी म्हणेल, आडनावांचे राहू द्या, पाळण्यातली नावे तरी संतांची आहेत. मग वसईत ज्याच्या नावाची मुले गल्लोगल्ली सापडतात त्या फ्रान्सिस झेवियरचे घ्या. असिसीच्या कापडव्यापाऱ्याच्या मुलाचा बाप्तिस्मा योहान या नावाने झाला होता. बाप फ्रान्समधून परतला आणि पोराला फ्रांचेस्को म्हणू लागला. त्या शब्दाचा अर्थ 'फ्रेंच'. व्यापाऱ्याला फ्रान्सचे कौतुक होते, इतकेच. झेवियर हे नवारेतील एका गढीचे नाव. बास्क भाषेत त्याचा अर्थ 'नवे घर'. तेव्हा फ्रान्सिस झेवियर या साऱ्या नावाचा कोशातला अर्थ 'नव्या घरचा फ्रेंच' एवढाच होतो. असिसीच्या त्या काळातल्या एखाद्या कर्मठ धर्मगुरूने नोंदवही उघडून बापाला विचारले असते, हे काय नाव झाले, एखाद्या संताचे नाव सांग, तर त्याचे नियमाप्रमाणे चुकले नसते. फ्रांचेस्को नावाचा थोर संत तेव्हा नव्हताच. तो त्याच्यासमोर कापडात गुंडाळलेला होता.

नावाला अर्थ असतो का, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार पूर्वी हाताळला आहे. प्लेटोच्या 'क्रातिलस' या संवादात एक पक्ष म्हणतो की नाव वस्तूच्या स्वभावातून येते, दुसरा म्हणतो ती नुसती माणसांची सोय आहे. तिथे हर्मोजिनस नावाच्या गृहस्थाची थट्टा होते. हर्मेस हा धनलाभ देणारा देव, आणि त्याचे नाव लावणाऱ्या या गृहस्थाच्या गाठीला पैसा ठरत नाही, तेव्हा हे याचे खरे नाव असूच शकत नाही! १८४३ साली जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या तर्कशास्त्रात निवाडा दिला की विशेषनाम माणसाकडे बोट दाखवते, त्याच्याविषयी काही सांगत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ सोल क्रिप्के याने १९७० च्या व्याख्यानांत याच्या पुढचे पाऊल टाकले. नाव एकदा कोणाला दिले जाते आणि मग एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी जात राहते. या साखळीमुळेच ते त्या माणसापर्यंत पोचते, वर्णनामुळे नव्हे. त्या पहिल्या देण्याला त्याने जो शब्द वापरला तो 'बाप्तिस्मा' हाच. आम्हां धर्मगुरूंना तर्कशास्त्राच्या पुस्तकात हा शब्द भेटावा याची गंमत वाटते. पण क्रिप्केच्या मांडणीत नाव देणाऱ्याचे काम एका क्षणात संपते. पुढची सारी साखळी हाक मारणाऱ्यांची असते. हा मुद्दा आम्हांला सेमिनरीतल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गापेक्षा दफ्तरात अधिक समजला.

आपली मराठी तर हे कधीच सांगून बसली आहे. नाव ठेवतो एक आणि नाव काढतो दुसरा. फीबी हे नाव ख्रिस्ती केले ते कंख्रियाच्या मंडळीत सेवा करणाऱ्या एका बाईने, फ्रांचेस्को हे नाव ख्रिस्ती केले ते कुष्ठरोग्याला मिठी मारणाऱ्या एका तरुणाने. शब्द आधी परका होता, माणसाने तो आपला केला.

इथवरचा प्रश्न अर्थाचा होता. अधिक जड प्रश्न अधिकाराचा आहे: दुसऱ्याला नाव देण्याचा हक्क कोणाचा? युरोपच्या इतिहासात या प्रश्नावरून रक्त सांडले आहे.

१५४६ साली जिनिव्हात एक न्हावी आपल्या मुलाला बाप्तिस्म्यासाठी घेऊन आला. मुलाचे नाव क्लॉड ठेवायचे ठरले होते. संत क्लॉडचे तीर्थक्षेत्र तिथून जवळ, आणि ते नाव त्या प्रदेशात घरोघरी. पण कॅल्व्हिनच्या सुधारणेला अशी संतभक्ती खपत नव्हती. पाळकाने मुलाच्या डोक्यावर पाणी ओतले आणि आपल्याच मनाने नाव उच्चारले, अब्राहाम. बापाने मूल ओढून घेतले. हा बाप्तिस्मा खरा नव्हे, मुलगा पंधरा वर्षांचा होईल तेव्हा स्वतःच आपले नाव निवडील, असे म्हणून तो बाहेर पडला. त्याला तुरुंग पाहावा लागला. त्याच वर्षी नगरसभेने निषिद्ध नावांची यादी काढली, आणि त्या यादीत बेथलेहेमला आलेल्या तीन राजांचीही नावे होती. ही कथा वाचून कॅथॉलिक वाचक मनातल्या मनात सुखावेल; आम्हीही क्षणभर सुखावलो होतो. मग लक्षात आले की त्या पाळकाने संताचे नाव काढून बायबलमधले नाव दिले, आणि आम्ही भाषेतले नाव काढून संताचे नाव दिले. हात तोच. फरक असेल तर तो न्हाव्यात आणि आमच्या केळीवाल्यात. न्हाव्याने मूल ओढून घेतले. आमच्या माणसाला तेवढा धीर नव्हता, किंवा आमच्याबद्दलचा आदर फार होता.

कॅथॉलिक राजांचे हातही निर्मळ नाहीत. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५६७ साली ग्रानादाच्या मोरिस्कोंना, म्हणजे बाप्तिस्मा घ्यायला लावलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, अरबी भाषा, पोशाख आणि अरबी नावे यांची बंदी केली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस आल्पुहाराच्या डोंगरांत बंड पेटले. बंडखोरांनी ज्याला राजा केले त्याचे बाप्तिस्म्याचे नाव फर्नांदो होते. राजा होताना त्याने ते टाकले आणि आबेन हुमेया हे पूर्वजांचे नाव घेतले. आपल्याकडे ज्या नावावरून फर्नांडिस हे आडनाव आले आणि आज जे आपण जिव्हाळ्याने लावतो, तेच नाव त्या डोंगरात एका माणसाला बेडीसारखे वाटत होते.

पोर्तुगालात १४९७ साली राजा मानुएलने यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा देवविला. त्यांना शेजाऱ्यांसारखीच आडनावे मिळाली. परेरा, लोपीस, मेंडिस. (झाडांची आडनावे म्हणजे हमखास यहुदी मूळ, असे पुष्कळदा छातीठोकपणे सांगितले जाते, ते खरे नव्हे. ही आडनावे सगळ्यांचीच होती.) पुढे त्यांच्यातील अनेकांचे वंशज आम्स्टरडॅमला पोचले आणि उघडपणे आपल्या मूळ धर्मात परतले. पहिले नाव त्यांनी हिब्रू घेतले, आडनाव मात्र पोर्तुगीजच ठेवले! जुलमाने आलेले आडनाव शंभर वर्षांत त्यांचे स्वतःचे झाले होते. त्यात त्यांच्या आजोबा-पणजोबांचे सोसणे साठले होते. त्याच वस्तीत १६३२ साली जन्मलेल्या स्पिनोझाला घरी बेंतो म्हणत, सभास्थानात बारूख आणि लॅटिन ग्रंथांत बेनेदिक्तुस. तिन्हींचा अर्थ एकच, आशीर्वादित. त्याचे आडनाव काटेरी झुडपांवरून आलेले.

नाव देणारे नेहमी जबरदस्तीच करतात असे मात्र नाही. फ्लॉरेन्सच्या इन्नोचेंती अनाथालयात ५ फेब्रुवारी १४४५ रोजी पहिले मूल सोडले गेले. मुलगी होती. त्या दिवशी संत आगाथाचा सण म्हणून तिचे नाव आगाता ठेवले, आणि त्याला जोडले स्मेराल्दा, म्हणजे पाचू. टाकून दिलेल्या मुलीला 'चांगली' आणि 'रत्न' अशी दोन नावे देणाऱ्या त्या अज्ञात हातापुढे आम्हांला नमते व्हावेसे वाटते. (५ फेब्रुवारी हाच गोन्सालो गार्सियांच्या बलिदानाचाही दिवस आहे, हे वसईकर वाचकाच्या ध्यानात आले असेलच.) नेपल्सच्या अनुन्झियाता संस्थेच्या भिंतीत लाकडी फिरते चक्र होते, आई बाहेरून मूल ठेवी आणि चक्र फिरवून निघून जाई. १८७५ साली ते चक्र बंद झाले. तिथल्या मुलांना आडनाव मिळे एस्पोझितो, म्हणजे 'उघड्यावर टाकलेला'. दया होती, पण जन्मभराची खूणही होती. आज नेपल्समध्ये हे सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. न्यायाधीश आहेत, वैद्य आहेत, धर्मगुरूही आहेत. फुर्ट्याडोची 'चोरी' जशी विरली तसेच हे 'टाकणे'ही विरले. पण विरायला किती पिढ्या लागल्या आणि त्या पिढ्यांनी काय सोसले, त्याचा हिशेब कोशात नसतो.

आणि उलटही घडते. १७ ऑगस्ट १९३८ च्या फर्मानाने नाझी सरकारने ठरवले की ज्या यहुद्यांची नावे ठरावीक यहुदी नावांच्या यादीत नाहीत, त्यांतील प्रत्येक पुरुषाने आपल्या नावापुढे 'इस्राएल' आणि प्रत्येक स्त्रीने 'सारा' हे नाव लावावे. १ जानेवारी १९३९ पासून ते लागू झाले. वाचकहो, ही कोणती नावे आहेत? याकोबाने रात्रभर झुंज देऊन मिळवलेले नाव इस्राएल. देवाने अब्राहामाच्या पत्नीला स्वतः दिलेले नाव सारा. नावांच्या अर्थातच पावित्र्य असते, तर जगात याहून पवित्र नावे थोडीच सापडतील. तीच नावे शिक्का मारायला वापरली गेली. यहुदी कुळात जन्मलेली तत्त्वज्ञ एडिथ स्टाईन कार्मेलमध्ये क्रुसाची तेरेझा बेनेदिक्ता झाली होती. १९३८ च्या अखेरच्या दिवशी तिने कलोनचा मठ सोडून हॉलंड गाठले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी आउशवित्झमध्ये तिचा अंत झाला.

त्या छावणीत नावे संपत आणि आकडे सुरू होत. फादर माक्सिमिलियन कोल्बे यांचा आकडा १६६७०. त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव राइमुंद. माक्सिमिलियन हे संन्यस्त जीवनातले. १९४१ साली उपासमारीने मारण्यासाठी निवडलेल्या एका कैद्याने बायकामुलांच्या नावाने टाहो फोडला, तेव्हा त्याच्या जागी जायला कोल्बे पुढे झाले. तू कोण, असे अधिकाऱ्याने विचारले. त्यांनी आकडा सांगितला नाही आणि नावही सांगितले नाही. आपण कॅथॉलिक धर्मगुरू आहोत, एवढेच सांगितले. आमच्यासारख्या, नोंदवहीत सह्या करीत आयुष्य घालवणाऱ्या धर्मगुरूंनी यावर थांबून विचार करावा.

अलीकडे आपल्या काही तरुणांना वाटते की पोर्तुगीज आडनावे टाकून द्यावीत. ती गुलामीची खूण आहे. आम्ही त्यांना अडवणार नाही. आबेन हुमेयाने टाकले, तो त्याचा हक्क होता. पण आम्हांला स्वतःला ते पटत नाही. तीनशे-चारशे वर्षे ज्या नावाने आपल्या बायांना विहिरीवरून हाका मारल्या गेल्या, ज्या नावाने बापजादे दफनभूमीत झोपले, ते नाव आता पोर्तुगालचे राहिलेले नाही. रोद्रिगो तरी पोर्तुगालचा कुठे होता? आणि ज्यांना ओवी, चैतन्य, निनाद अशी नावे खटकतात त्या वडीलधाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे की फीबी या नावाने पौल खटकला नव्हता.

हे सारे लिहिणे सोपे आहे. पान समोर उघडे होते ते मात्र सोपे नव्हते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत खाडाखोड करता येत नाही, आणि करूही नये. आम्ही तिला सांगितले की महागुरूंच्या कार्यालयाशी बोलून समासात रीतसर शेरा घालू, आणि दाखल्यावर दोन्ही नावे येतील. मग आम्ही तिची क्षमा मागितली. ती गोंधळली. धर्मगुरूने क्षमा मागितल्यावर काय बोलायचे असते ते आपल्याकडे कोणाला शिकवलेले नसते.

"मारियाही राहू द्या, फादर," ती म्हणाली. "आजी मला मारियाच म्हणायची. शेवटपर्यंत. मला वाटायचं, तिचं आपलं लाडाचं नाव."

वडील आत आले नव्हते. बाहेर आंब्याखाली मोटारसायकलशी उभे होते. केस पांढरे झालेले. लूकच्या पहिल्या अध्यायात मुका झालेला जखऱ्या पाटीवर मुलाचे नाव लिहितो आणि त्याला वाचा फुटते. आमच्या दफ्तरात उलटे झाले होते, बोलता बाप मुका झाला होता. आम्ही बाहेर गेलो आणि सव्वीस वर्षांपूर्वी जे विचारायला हवे होते ते विचारले: ओवी हेच नाव का?

ते थोडा वेळ घंटेच्या मनोऱ्याकडे पाहत राहिले.

"आई जात्यावर ओव्या म्हणायची, फादर. तिला शेकड्यांनी यायच्या. तिच्यासाठी ठेवलं होतं. पण तुम्ही मारिया लिहिलंत, तर ती म्हणाली, फादरनी ठेवलंय, तेच खरं. घरात आम्ही सगळे ओवी म्हणायचो. ती एकटी कधी म्हणाली नाही."